चाळीस हजार गेले, वर पाच मुखपृष्ठंही

आकडा आधीच सांगते, म्हणजे कुणी विचारायला नको. फसवणुकीत यूपीआयवरून गेले ४०,००० रुपये: एकदा २५,०००, पाठोपाठ १५,०००. शिवाय पाच मुखपृष्ठांचं ठरलेलं मानधन ४५,०००, त्यातला रुपयाही आला नाही. 'चुकून जास्त पैसे आले, परत पाठवा' हा प्रकार मला माहीत नव्हता असं अजिबात नाही. तुमच्यासारखंच मीही पेपरात वाचून 'लोक फसतात कसे' म्हणायचे. पण फसवणारा माझ्याच धंद्याची, म्हणजे मुखपृष्ठांच्या चित्रांची, भाषा बोलत येईल, हे कुठल्या बातमीत लिहिलं होतं?

स्वतःला पुण्याच्या एका प्रकाशनाचा संपादक म्हणवत होता. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, एका दिवाळी अंकावर तुमचं चित्र पाहिलं, म्हणाला. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्याआधी नाशिकवर पाच छोटी पुस्तकं काढायचीत: रामकुंड, काळाराम, पांडवलेणी, सरकारवाडा आणि गोदेचे पूर. एका मुखपृष्ठाला ९,०००, निम्मे आगाऊ. मराठी पुस्तकांच्या व्यवहारात न मागता आगाऊ देणारा माणूस! आमच्याकडे पुस्तक छापून, प्रकाशन समारंभ होऊन, चहा-वडे संपले तरी मानधनासाठी फोन करत बसावं लागतं, आणि कधीकधी त्याऐवजी पुस्तकाच्या प्रती हातात पडतात. अशा धंद्यात कुणी व्यवस्थित बोललं की बरं वाटतं. त्याला हावरटपणा म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं.

रफ चित्रं त्याने बारकाईने पाहिली. 'शीर्षकाला वर जागा सोडा, रामकुंडाचा निळा छपाईत काळपट येईल' असं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पुराच्या पुस्तकासाठी मी गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती घेतली. पाणी कुठवर चढलं ते सगळं नाशिक त्याच्याकडे बघून ठरवतं, म्हणून छातीपर्यंत पाणी आणि मागे नारोशंकराचं देऊळ. चित्र झकास जमलं होतं. त्याचाच जास्त संताप येतो.

आता ती जागा, जिथे मी रोज रात्री मनातल्या मनात परत जाते. मी त्याला पानं किती आणि कागद कुठला ते विचारलं. मुखपृष्ठ म्हणजे नुसतं पुढचं पान नसतं. मागचं पान आणि मधली स्पाइन, म्हणजे पुस्तकाच्या जाडीची कड, धरून एकच लांब फाइल असते, आणि पानं व कागदाची जाडी कळल्याशिवाय स्पाइनची रुंदी ठरत नाही. डेमी आकाराच्या पुस्तकाला ९६ पानं आहेत की २५६, हे संपादकाला माहीत नाही? तो म्हणाला, 'स्पाइनचं नंतर बघू ताई, आधी ओपन फाइल पाठवा, विक्रीवाल्यांना कॅटलॉगला हवीय.' ओपन फाइल म्हणजे जिच्यात कुणालाही बदल करता येतात ती मूळ फाइल. छापायचंच नसलेल्या पुस्तकाला पानं कुठून असणार! पण खरे प्रकाशकही 'नंतर सांगतो' म्हणतात, अगदी छपाईच्या आदल्या दिवसापर्यंत. गबाळेपणा कुठे संपतो आणि लबाडी कुठे सुरू होते, हे आमच्या क्षेत्रात कळावं तरी कसं?

शुक्रवारी संध्याकाळी मेसेज आला: खात्यात ६२,५०० जमा. ठरले होते २२,५००. मी फाइल्स पाठवल्या आणि लगेच 'अकाउंट्समधल्या' मुलीचा फोन. रडत होती. 'ताई, दोनऐवजी सहा दाबला गेला, माझ्या पगारातून कापतील हो.' मेसेज बँकेच्या नावाने नव्हता, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून होता. बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघा, मेसेज बघू नका. आणि यूपीआय पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच नाही. मला हे पाठ आहे. पण समोर पोरगी हुंदके देत असताना पाठ केलेलं आठवत नाही, आणि तिला हुंदक्यांचेच पैसे मिळत असणार.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तरच तो गोठवला जातो. माझा कळेपर्यंत सरकला होता.

पुढचा अध्याय पोलीस ठाण्याचा. तिथे सांगितलं सायबरकडे जा, सायबरने सांगितलं राहता त्या ठाण्यात जा. एकाने माझं काम काय ते विचारलं आणि 'म्हणजे घरीच असता' असं लिहून घेतलं. बँकेत 'पिन तुम्हीच टाकला ना?' एवढ्यावर विषय संपला. ग्राहकाच्या नकळत गेलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये केलेला नियम तुम्हाला लागू नाही, म्हणाले. आणि चित्रांचं? ठाण्यातल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, 'चित्रं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत की अजून. मग चोरीला काय गेलं?' मी कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम ६३ दाखवलं, सहा महिने ते तीन वर्षं कैद. त्यांनी फोन हातात घेऊन वाचलं, परत दिला आणि म्हणाले, 'हे दिवाणी आहे.' कैद लिहिलेलं दिवाणी!

चोरीला काय गेलं ते नंतर समजलं. सिन्नरच्या एका हौशी कवीचा फोन आला. पाण्याच्या लाटांत त्याला माझी सही दिसली होती. दुतोंड्या मारुती त्याने आपल्या कवितासंग्रहासाठी ६,००० रुपयांना 'तयार मुखपृष्ठ' म्हणून विकत घेतला होता. आता तो ते पैसे माझ्याकडे मागतोय! त्याला त्याच कायद्याचं कलम १९ समजावलं: लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय हक्क कुणाकडे जात नाही. म्हणाला, 'पण मी तर पैसे दिलेत.' बरोबर आहे बाबा. मीही दिलेत.

सही कोपऱ्यात करू नका, कापली जाते. चित्राच्या आत कुठेतरी करा. ओपन फाइल कुणालाच नाही. पैसे खात्यात दिसेपर्यंत छोटी, चित्रावरून आडवं आपलं नाव टाकलेली जेपीजी, बस्स.

त्या 'संपादका'चा नंबर आता बंद आहे. पंचवटीतल्या एका चित्रकार मैत्रिणीला मात्र परवा तसाच गोड फोन आला, या वेळी बालसाहित्याची दहा पुस्तकं. तुम्हाला आला तर मानधनाचं नंतर बोला, आधी पानं किती ते विचारा. तिने विचारलं, आणि त्यानेच फोन ठेवला.