अक्कलकोट रोडच्या मामांचं गॅरेज : जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा व्हॅक्युम लीक शेवटी सापडला

ज्यांच्याकडं जुनी टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि सिग्नलला उभं राहिलं की आरपीएमचा काटा वरखाली करतोय त्यांनी हे पूर्ण वाचा. लांबलंय, पण आठ महिने मी यात घालवलेत, त्यामुळं सगळं सांगणार.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५ ची, पप्पांनी नवीकोरी घेतलेली. १.८ टर्बो, २० व्हॉल्व्ह, १५० पीएस. २००४ ला हे मॉडेल भारतात आलं तेव्हा या पैशात एवढी पळणारी चार दाराची गाडी दुसरी दाखवा म्हणायचे लोक. पप्पा आता चालवत नाहीत पण रोज संध्याकाळी खाली येऊन एकदा बोनेटवरनं हात फिरवून जातात, म्हणून विकायचा विषय घरात निघतच नाही. २० वर्षं झालेल्या गाडीचं रबर वाळणारच, त्यात आपल्या सोलापूरचा उन्हाळा, ४३-४४ डिग्रीत बोनेटखाली काय होत असेल विचार करा. कंपनीला यात काही बोलायचं नाही मला.

झालं असं की मागच्या मार्चपासून गाडी आयडलला, म्हणजे उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवलं की, हंटिंग करायला लागली. सात रस्त्याला सिग्नलला थांबलो की काटा ७०० वरनं १३०० ला, परत खाली, कधीकधी एकदम बंदच. मागचे हॉर्न मारतात, एसी चालू, डोक्याला ताप नुसता. आणि गंमत बघा, हैदराबाद हायवेला घातली की मक्खन, काहीही तक्रार नाही. हायवेला चांगली आणि उभी असताना बेकार, हीच खरी खूण होती पण तेव्हा मला कळत नव्हतं आणि ज्यांना कळायला पाहिजे होतं त्यांनाही कळली नाही.

आधी दोन ठिकाणी दाखवली, नावं घेत नाही. पहिल्याने प्लग बदलले, मग चारही कॉईल बदलल्या, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काढून धुतली. आठ दिवस बरं वाटलं, परत तेच. दुसऱ्याने एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजतो तो) नवीन टाकला, १४ हजार. तरी तेच. मग म्हणाला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, ४५ हजार तयारी ठेवा. त्याच्याकडंच मी एक गोष्ट बघितली जी बघून घाबरलो, इंजिन तापलेलं, चालू, आणि पोरगा कार्ब क्लीनरचा स्प्रे सगळीकडं मारत होता लीक शोधायला. ह्या इंजिनला टर्बो मागच्या बाजूला आहे, लालबुंद तापतो तो. एक थेंब तिकडं गेला असता तर? कुणी तुमच्या गाडीवर असं करत असेल तर थांबवा, खरंच सांगतोय.

मग मित्राच्या मेव्हण्याचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, त्याने सांगितलं की बाजूच्या गल्लीत एक मामा आहेत, ते आधी शोधतात मग पाना लावतात. गेलो. पत्र्याचं शेड, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा, बाहेर लिंबाचं झाड, शेजारी पॉवरलूमचा खटखटाट चालू. बोर्डवरचं नाव उन्हानं उडालंय, सगळे मामांचं गॅरेजच म्हणतात. मामा साठीच्या आसपास, घरी तेलुगू, गॅरेजात आपली सोलापुरी.

पहिल्या दिवशी त्यांनी बोनेट उघडलंच नाही. म्हणाले, "मालक, आतापर्यंत काय काय बदललं ते सांगा, बिलं हायत का?" माझ्या डिकीत सगळी फाईल होती. चष्मा लावून एकेक बिल वाचलं, फाईल बंद केली आणि म्हणाले, "ह्यात बदलल्याची बिलं हायत सगळी, तपासल्याचं एकपण नाही की ओ."

मी गप्पच बसलो. ३० हजाराच्या वर गेले होते तोपर्यंत.

मग गाडी गरम करून इनटेक मॅनिफोल्डला (सिलेंडरकडं हवा नेणारी नळी) व्हॅक्युम गेज लावला, आतला निर्वात पाऱ्याच्या इंचात मोजतो तो. मला बोलावून दाखवला. काटा १४ इंचाला आणि थरथरतोय. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं, सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर आहे म्हणून दीड-एक इंच कमी धरायचा, असं ते म्हणाले, म्हणजे आपल्याकडं निदान साडेपंधरा-सोळा तरी पाहिजे आणि काटा स्थिर पाहिजे. हे उंचीचं गणित मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग स्कॅनर लावला. कोड होता "सिस्टम टू लीन", म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, तो आधीच्यांनीही बघितला होता, बघून खोडला होता. मामांनी कोडच्या पुढं जाऊन फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे ईसीयूला ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी करावं लागतंय ते. उभ्या गाडीचा आकडा प्लस ९ च्या वर, चालत्या गाडीचा १-२. "बघा, उभी असताना एअर घ्यालीय. सेन्सरला दोष देऊ नका, त्यो बरोबर मोजालाय, पण हवा त्याच्या मागनं घुसालीय."

हे मला जसं समजलं तसं सांगतो. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो, पिस्टन मात्र आत ओढतच असतात, म्हणून मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. एअर फिल्टरमधनं येणारी हवा एमएएफ मोजतो आणि ईसीयू तेवढ्यापुरतंच पेट्रोल सोडतो. एखादा होज फुटला असेल तर तिथनं न मोजलेली हवा घुसते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन गडबडतं, ईसीयू सावरायला बघतो, परत गडबडतं, काटा नाचतो तो यामुळं. हायवेला थ्रॉटल उघडा, आतला निर्वात कमी आणि खरी हवाच इतकी जाते की त्या फटीतली हवा हिशोबातच राहत नाही. टर्बोला अजून एक त्रास, बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) आला की त्याच फटीतनं हवा उलटी बाहेर फुस्स. म्हणून माझा पिकअप पण थोडा मेलेला होता, मला वाटायचं वय झालं गाडीचं.

यानंतर जे केलं ते मी कधी विसरणार नाही. मामा म्हणाले दीडपर्यंत थांबा. का ते कळेना. दीड वाजता शेजारच्या लूमवाल्यांची जेवणाची सुट्टी झाली, खटखटाट थांबला, आणि मामांनी हातभर रबरी पाईप घेतला, एक टोक कानाला, दुसरं टोक इंजिनवरनं हळूहळू फिरवत गेले. डोळे मिटलेले. मॅनिफोल्डच्या खाली एका जागी थांबले, पाईप माझ्या कानाला लावला. बारीक सूंऽऽ असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना तसा. आठ महिने जो शोधत होतो तो आवाज.

पण त्यावरच थांबले नाहीत, म्हणाले एक सापडला म्हणजे एकच असतो असं नाही. गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी थंड इंजिनवर स्मोक टेस्ट. मशीन घरीच बनवलेलं, घट्ट झाकणाचा डबा, आत डिझेल गाडीचा ग्लो प्लग, बेबी ऑइल, आणि हवेला रेग्युलेटर. दाब एक पीएसआयच्या खालीच ठेवायचा, जास्त दिला तर चांगले सील पण जातात. एमएएफकडची बाजू बुच मारून बंद केली, ब्रेक बूस्टरच्या (निर्वाताच्या जोरावर ब्रेक हलका करतो तो) होजमधनं धूर सोडला. दोन-तीन मिनिटं काहीच नाही, आणि मग मॅनिफोल्डच्या खालनं उदबत्तीसारखी धुराची रेघ वर आली. मग थ्रॉटल बॉडीच्या गॅस्केटपाशी दुसरी, बारीक. तिसरा दोष बूस्टरच्या होजमध्येच, चेक व्हॉल्व्हच्या (हवा एकाच बाजूला जाऊ देणारी झडप) तोंडाशी चीर.

खालचा म्हणजे क्रँककेस ब्रीदरचा होज, इंजिनच्या पोटातली ऑइलची वाफ परत इनटेकला नेणारा, ऑइल फिल्टरच्या हाऊसिंगकडनं मॅनिफोल्डच्या पोटाखालनं वर येतो तो. वरनं दिसतच नाही, म्हणून कुणी बघत नाही. काढून हातात दिला. वरनं धड वाटत होता, अंगठा दाबला तर चिखलात जावा तसा आत गेला आणि बोटाला काळं लागलं. ऑइलच्या वाफेनं आतनं कुजला होता. त्यातला चेक व्हॉल्व्ह मामांनी तोंडात धरून फुंकला, मग पुसून मलाही फुंकायला लावला, एका बाजूनं हवा जायला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूनं अडायला पाहिजे. आमचा दोन्हीकडनं मोकळा. म्हणजे बूस्टची हवा थेट क्रँककेसमध्ये जात होती, ऑइल झिरपायचं ते पण यामुळंच.

मी शहाणपणा करून विचारलं की सिलिकॉनचे रंगीत होज टाकू का, लोक टाकतात. नाही म्हणाले. साध्या सिलिकॉनमधनं ऑइलची वाफ हळूहळू झिरपते, ब्रीदरला ऑइल सोसणारंच रबर पाहिजे. आणि ब्रेक बूस्टरला आतनं जाळी असलेला व्हॅक्युम होजच, साधा पाईप निर्वातानं आत चिपकतो आणि ब्रेकला मदतच मिळत नाही. बूस्टरची घरी करायची तपासणीही शिकवली: गाडी बंद, पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करायचं, दाबून धरायचं आणि स्टार्ट मारायचा, पेडल थोडं खाली गेलं तर ठीक. नाही गेलं तर गाडी रस्त्यावर काढू नका. हे प्लीज आजच करून बघा, आयडलचा त्रास सहन होतो, ब्रेकचा नाही.

ब्रीदरचे होज आणि व्हॉल्व्ह पुण्याहून मागवले, तीन दिवस गेले. गॅस्केट नवीन, क्लिपा नवीन. सगळं बसवल्यावर परत स्मोक टेस्ट केली, मला वाटलं होतं आता देतील चावी, पण नाही, परत डबा पेटवला. धूर कुठनंच नाही. मग स्कॅनरवरनं थ्रॉटलचं अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे झडप कुठं बंद-उघडी होते ते ईसीयूला परत शिकवणं, इग्निशन चालू इंजिन बंद, थ्रॉटल स्वतःच कटकट करत उघडमिट करतो. आधी धुतला होता तेव्हा हे केलंच नव्हतं कुणी. आता गेज साडेसतराला, काटा एकदम गप्प. उभ्या गाडीचा ट्रिम प्लस १.

बिल ९,४०० झालं, त्यात मामांची मजुरी ३,५००, त्यात तपासणीचे ८०० वेगळे लिहिलेले. ते ८०० मी आनंदानं दिले. गावात ६.५ चा अ‍ॅव्हरेज होता तो ९ वर आलाय. दुसऱ्या दिवशी पप्पांना घेऊन तुळजापूरला जाऊन आलो, येताना ते म्हणाले मला दे जरा, आणि घाट उतरल्यावर सपाटीला १० किलोमीटर त्यांनी चालवली. दोन वर्षांनी.

आता जे आवडलं नाही तेही लिहितो. फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, जाऊनच विचारावं लागतं. दोन दिवस सांगितले, सहा लागले, पार्टचा उशीर समजू शकतो पण कळवायला पाहिजे होतं. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. बसायला जागा नाही, उन्हाळ्यात पत्र्याखाली हाल होतात, म्हातारं माणूस सोबत नेऊ नका. बाहेर गाडी उन्हात उभी राहते, कव्हर घेऊन जा. आणि इन्शुरन्स क्लेम, डेंटिंग-पेंटिंगसाठी तिथं जाऊ नका, ते त्यांचं कामच नाही. एसीचं पण करत नाहीत.

जायचं तर सकाळी ९ ला, आदल्या दिवशी जाऊन सांगून या, म्हणजे स्मोक टेस्टला गाडी रात्रीच नेऊन लावता येते. जुनी बिलं न्या. कोड खोडून जाऊ नका, खोडला की ट्रिम पण पुसला जातो आणि परत जमायला गाडी फिरवावी लागते. लूमच्या सुट्टीची वेळ दीड ते दोन, तेव्हा त्यांना हाक मारू नका, बहुतेक कुणाच्या तरी इंजिनला कान लावून बसलेले असतात.

माझा अजून एक बारीक होज राहिलाय, मॅनिफोल्डच्या पुढचा, तो धूर सोडत नाही पण कडक झालाय. मामा म्हणाले गड्ड्याच्या जत्रेनंतर (जानेवारीतली सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) आणा, तोवर पार्ट मागवून ठेवतो.