फिशटँकमध्ये मीठ : दिवाळी ते पावसाळा वापरून बघितल्यावर

आधी निकाल सांगतो. औषध म्हणून खडेमिठाला माझे पूर्ण गुण. ‘दर पाणीबदलाला चमचाभर’ या रिवाजाला मात्र शून्य, निदान आपल्या खानदेशातल्या बोअरच्या पाण्यात तरी.

घर धुळ्यात आहे. टँक तीन. एक 100 लिटरचा, त्यात गप्पी आणि मोली. दुसरा गोल्डफिशचा. तिसऱ्यात झाडं, निऑन टेट्रा आणि तळाशी फिरणारे कोरी. नळ रोज येत नाही, म्हणून तिन्ही टँक बोअरवर. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, आकडा 800 च्या खाली क्वचितच जातो. बेसाल्टातून येणारं पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड. ज्यांच्या घरी कूलर आहे त्यांना वेगळं सांगायला नको, गवताच्या जाळ्यांवर मे महिन्यात चढणारा पांढरा थर तोच.

दुकानात मासे घेताना पिशवीसोबत सल्ला फुकट मिळतो : “चिमूटभर मीठ टाकी दे ना भो, काही व्हत नही.” दुसरा दुकानदार नेमकं उलटं सांगतो, बोअरचं पाणी आधीच खारं, त्यात आणखी मीठ कशाला? निष्कर्ष दुसऱ्याचा बरोबर, कारण चुकीचं. बोअरच्या पाण्यातले क्षार मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचे. खडेमीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. मीठ टाकल्याने पाण्याचा जडपणा वाढत नाही, पीएचही फारसा हलत नाही. मोली आणि गप्पींना हवा असतो तो जडपणा, आणि तो आपल्या पाण्यात फुकट आहे. मोली समुद्राच्या पाण्यातसुद्धा जगू शकतो, हे खरं. पण म्हणून त्याला मीठ लागतंच असं नाही. माझ्या मोलींनी बिनमिठाच्या बोअरच्या पाण्यात इतकी पिल्लं दिली की ती वाटायला गल्लीतली घरं कमी पडली.

मीठ नक्की करतं काय? गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात साधारण 0.9 टक्के क्षार असतात, बाहेरच्या पाण्यात त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सारखं आत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा भरपूर पातळ लघवी करून पाणी बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी क्षार परत ओढून घेतो. धडधाकट माशाला हे जन्मजात जमतं. पाण्यात कॅल्शियम असलं की झिरपणं आणखी कमी होतं. पण रात्रभर पॉलिथिनच्या पिशवीत प्रवास करून आलेला, खवले खरचटलेला, कल्ले सुजलेला मासा या कामात थकतो. अशा वेळी लिटरला 1 ते 2 ग्रॅम मीठ असलं, की त्याचं ओझं हलकं होतं. म्हणून नवीन मासे मी आधी वेगळ्या बादलीत, स्पंज फिल्टर लावून, मिठाच्या पाण्यात ठेवतो. या वापरावर मी खूश आहे.

खरी परीक्षा थंडीत झाली. आपल्याकडे इच, म्हणजे अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत दिसतो. दुपारी ऊन चांगलं तापतं आणि पहाटे पारा 8-10 अंशांवर उतरतो. लहान टँकचं पाणी या चढउतारासोबत वरखाली होतं आणि माशाची प्रतिकारशक्ती ढासळते. यातली गोम अशी की ठिपक्याच्या आत बसलेल्या परजीवीला मीठही काही करत नाही आणि दुकानात मिळणारं निळं औषधही (मिथिलीन ब्लू) नाही. तो पिकून माशाच्या अंगावरून गळतो, तळाशी कवच करून शेकडो पिल्लांत फुटतो, आणि ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात पोहत असतात तेवढ्या काळातच मरतात. गार पाण्यात हे चक्र कितीतरी दिवस रेंगाळतं, 25-26 अंशांत चार-पाच दिवसांत उरकतं. म्हणून मीठ एकटं पुरत नाही, सोबत ऊब लागते.

गप्पींच्या टँकमध्ये मी हीटरने पाणी हळूहळू 29 अंशांवर नेलं. मीठ पहिल्या दिवशी लिटरला 1 ग्रॅम, दुसऱ्या दिवशी आणखी 1. म्हणजे 100 लिटरला एकूण 200 ग्रॅम, घरातल्या काट्यावर मोजून. चमच्यावर विसंबू नका, बारीक मीठ आणि खडे यांचं वजन एकाच चमच्यात वेगवेगळं भरतं. मीठ बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवूनच ओतायचं, खडे थेट टाकले तर तळाशी बसलेल्या माशाचं अंग भाजतं. ऊन पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे एअर पंप चोवीस तास. लाइट गेली की हीटर बंद, मग टँकभोवती गोधडी. हसू नका, काचेला गोधडी गुंडाळून दोन अंश तरी वाचतात. ठिपके गेल्यावरही आठवडाभर मीठ तसंच ठेवलं, कारण ठिपके जाणं म्हणजे फक्त परजीवी माशावरून उतरणं. गप्पी आणि मोली सगळे वाचले. गोल्डफिशच्या टँकमध्ये हेच केलं, तिथेही बरं निघालं.

मिठाचा दुसरा खरा उपयोग नव्या टँकमध्ये, आणि तो आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतो. फिल्टर पिकलेला नसतो, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू अजून वसलेले नसतात, तेव्हा पाण्यात नायट्राइट हे माशांच्या घाणीतून बनणारं विष साठतं. ते कल्ल्यांतून रक्तात जातं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला त्याच वाटेवर अडवतं. त्यासाठी फार थोडं लागतं : 100 लिटरला 20 ग्रॅम मीठ म्हणजे लिटरला जवळपास 120 मिलिग्रॅम क्लोराइड. अर्थात नायट्राइट तिथेच राहतं, पाणी बदलावंच लागतं.

आता उन्हाळा. बाहेर 44-45 अंश, टँकमध्ये 33. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की आपल्याकडे हमखास मीठ टाकतात. मीठ ऑक्सिजन देत नाही. तिथे एअर पंप आणि पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेला छोटा पंखा, एवढंच उपयोगी पडतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडतं, मीठ मात्र उडत नाही. कमी झालेल्या पाण्यात दर वेळी चमचा टाकणाऱ्याचं पाणी जूनपर्यंत किती खारट होत असेल, याचा हिशोब तो कधीच करत नाही. उडालेलं पाणी भरताना मीठ नाही. काढलेल्या पाण्याच्या जागी नवीन घालतानाच, तेही उपचार चालू असेल तर. टीडीएस मीटर असेल तर सोपं आहे, लिटरला 1 ग्रॅम मीठ टाकलं की आकडा साधारण 1000 ने वाढतो.

मीठ कोणतं? किराणा दुकानातलं साधं खडेमीठ. डब्यात ‘अ‍ॅक्वेरियम सॉल्ट’ म्हणून मिळतं तेही सोडियम क्लोराइडच, फक्त कित्येक पट महाग. आयोडीनच्या मिठाने मासे मरतात हा समज आहे, आयोडीनचं प्रमाण इतकं कमी असतं की घाबरण्यासारखं काही नाही. समुद्री टँकसाठीचं मीठ मात्र वेगळं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं, आपल्या आधीच जड पाण्यात ते घालण्यात अर्थ नाही. आणि पोट फुगून खवले उभे राहिलेल्या माशाला खडेमीठ देऊ नका, अंगात पाणी आणखी धरलं जातं. तिथे केमिस्टकडचं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लोक वापरतात.

झाडांच्या टँकला मी मिठाचा हात लावलेला नाही. बहुतेक पाणवनस्पतींना ते मानवत नाही, गोगलगायींना तर नाहीच. कोरी आणि टेट्रांनाही मीठ फार सोसत नाही असा जाणत्यांचा अनुभव आहे. तिथला मासा आजारी दिसला की तो बादलीत जातो.

उपचार संपल्यावर मीठ काढायचं ते पाणी बदलूनच. लिटरला 2 ग्रॅम असेल तर अर्धं पाणी बदललं की 1, पुन्हा अर्धं बदललं की अर्धा ग्रॅम. दोन बदलांमध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. एरवी टँकचं पाणी मी तुळशीला आणि कुंड्यांना घालतो, झाडं त्यावर चांगली वाढतात. मिठाच्या दिवसांतलं पाणी मात्र सरळ मोरीत.