माळ्यावरच्या टेडीसाठी खाण्याचा सोडा: कितपत कामाचा?

कोंदट वास काढायला उत्तम, डाग काढायला जवळजवळ निरुपयोगी. किराणा दुकानातला साधा खाण्याचा सोडाच घ्या. धुण्याचा सोडा अजिबात नको, तो लहानग्यांच्या कातडीला झोंबतो.

खेळणं आधी अंगणात झटका. जळगाव-धुळ्याकडे उन्हाळाभर उडणारी धूळ केसाळ कापडाच्या पार मुळाशी बसते, वरून दिसतही नाही. मग उशीच्या जुन्या अभ्र्यात खेळणं आणि अर्धी वाटी सोडा घालून तोंड बांधा, दोन मिनिटं हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी मऊ ब्रशने उलटसुलट झाडा. काखेत आणि कानामागच्या शिवणीत पांढरी पूड अडकतेच, तिथे व्हॅक्यूम क्लीनरचं अरुंद तोंड फिरवा. खेळणं जरासं ओलसर असलं तरी सोड्याचा लगदा होतो आणि तपकिरी केसांवर पांढरे चट्टे राहतात. म्हणून पावसाळ्यात हे नकोच.

सोड्याने धुळीतले सूक्ष्म किडे मरत नाहीत. घरात दम्याचं मूल असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. लेबलवर तशी मुभा नसेल तर पिशवीत घालून किमान २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर कोमट पाण्याने धुवा. वाळवायला खानदेशातला मे महिना नामी, पण सावलीत. कडक उन्हात रंग विटतो, चिकटवलेले डोळे सैल होतात आणि ते बाळाच्या तोंडात जाऊ शकतात.

परत ठेवताना डांबरगोळ्या टाकू नका, बाळांना त्या घातक आहेत. सुती पिशवी पुरे.