लोकल न्यूज अ‍ॅप: पुराच्या बातम्यांना तोड नाही, क्राईमसाठी मात्र दोनच स्टार

वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलंय म्हणून लिहितोय. पावसाळ्यात हे अ‍ॅप लै कामाला येतं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाच्या इशारा पातळीला आली की लगेच नोटिफिकेशन, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले तेपण, त्यामुळं ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी गाठायच्या आत आमच्या खालच्या गल्लीतली माणसं सामान वर चढवून मोकळी.

पण क्राईमचं सेक्शन बघितलं की डोकं फिरतंय. एकाच दिवशी पतसंस्थेतल्या अपहाराची बातमी, तिथं फक्त 'संचालकावर गुन्हा', आणि तिच्या खालीच 'पारधी टोळीवर संशय', अजून कुणाला अटकसुद्धा नाही आणि वर बेड्यांचा तोच जुना फोटो. संचालकाची जात छापत नाही मग ह्यांचीच कशाला? पोलिसांनी नुसता संशय सांगायचा, अ‍ॅपनं त्याची हेडलाईन करायची आणि पुढच्या चोरीला तीच हेडलाईन डोक्यात घेऊन पोलिसांनी परत त्याच पालांवर जायचं, असं चाललंय. आमच्या भागात घरफोडी झाली तेव्हा पहिल्यांदा गाडी माळावरच्या पालांकडंच गेली, फुगे विकणाऱ्या एका पोराला दिवसभर बसवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं, हातात काय सापडलं नाही. गल्लीतली माणसं वर म्हणतात, पेपरात येतंयच की रोज!

इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला गेला. त्याच्या कितीतरी आधी, १९१८ लाच, आपल्या शाहू महाराजांनी संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड ह्यांच्या मागची, सरकारी माणसापुढं रोज लावायची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना तर नोकरीत घेतलं. त्या कोल्हापुरात बसून असल्या हेडलाईनी लिहितात ह्याचा खरंच लै राग येतो. आणि हे फक्त पारध्यांपुरतं नाही, २०१९ च्या कॉमन कॉज ही संस्था आणि सीएसडीएस ही दिल्लीची संशोधन संस्था ह्यांच्या पाहणीत देशातल्या जवळपास निम्म्या पोलिसांनी सांगितलंय की मुसलमान गुन्ह्याकडं वळायची शक्यता जास्त. हे मत काय ट्रेनिंगच्या पुस्तकातून आलं नसणार, रोजचा टीव्ही, मोबाईल बघूनच पक्कं होतंय.

अ‍ॅपवाल्यांना मेल केलाय, आरोप सिद्ध होईपर्यंत जात छापू नका आणि कोण निर्दोष सुटला तर तेपण तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्या म्हणून. उत्तर नाही. घ्यायचंच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन क्राईमचे अलर्ट बंद करा, पाऊसपाण्याचे तेवढे चालू ठेवा. मी मात्र पुढच्या वर्षी रिन्यू करणार नाही.