गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट होतो? कॉर्सेअर आरएम८५०ई एसएमपीएसचा रिव्ह्यू

जुन्या ६५० वॅटच्या जागी ८५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, घेताना बहुतेक जण एकच हिशेब करतात: वॅट कमी पडत होते, आता पुरतील. रीस्टार्टच्या दुखण्यात हा हिशेब अर्धाच खरा आहे. कॉर्सेअर आरएम८५०ईची २०२३ ची आवृत्ती घेण्यासारखी आहे ती तिच्या एटीएक्स ३.० प्रमाणपत्रासाठी, म्हणजे विजेच्या अचानक उसळ्या झेलण्याच्या हमीसाठी. ८५० हा आकडा त्यानंतर येतो.

नेहमीच्या जोडीचं उदाहरण घेऊ, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आणि रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर. कार्डाची मर्यादा ३२० वॅट, प्रोसेसरची १४२, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी ६०-७०. बेरीज ५३०च्या आसपास, म्हणजे कागदावर ६५० पुरेसे. पण ३२० ही सरासरी झाली. हे कार्ड मिलिसेकंदाहूनही कमी काळासाठी ४५० वॅटच्या वर उसळी घेतं, आणि त्याच क्षणी प्रोसेसरही भरात असला तर जुन्या एसएमपीएसचं संरक्षण सर्किट त्याला ओव्हरलोड समजतं किंवा १२ व्होल्टची रेल, म्हणजे कार्ड-प्रोसेसरला वीज देणारी मुख्य वाट, क्षणभर खाली बसते. सॉफ्टवेअरच्या आलेखात हे दिसत नाही, कारण ते सेकंदाला एकदा-दोनदाच वाचन घेतं.

इंटेलने फेब्रुवारी २०२२ मध्ये एटीएक्स ३.० आणलं ते याच उसळ्यांसाठी. त्यातल्या अटीनुसार नव्या १६ पिन जोडणीचा एसएमपीएस रेटिंगच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद आणि १२० टक्के भार १०० मिलिसेकंद सोसू शकला पाहिजे. आरएम८५०ईसाठी हे आकडे १७०० आणि १०२० वॅट होतात. १२ व्होल्टची एकच रेल आहे, ७०.८ अँपिअरची, त्यामुळे कोणती केबल कोणत्या रेलवर हा घोळ नाही. वर दिलेल्या जोडीची उसळी त्यात आरामात सामावते. म्हणून खरेदी करताना ‘८५० वॅट गोल्ड’ एवढंच वाचून थांबू नका. गोल्ड हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, उसळी झेलण्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

पण पैसे खर्च करण्याआधी दोष एसएमपीएसचाच आहे हे ठरवा. इथे घाई करून लोक फसतात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोज लॉग्जखाली सिस्टिममध्ये जा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद हमखास सापडेल, मात्र तिचा अर्थ ‘मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नाही’ एवढाच. ती उघडून डिटेल्समधला बगचेककोड बघा. तो शून्य असेल तर वीज तुटली किंवा हार्डवेअरने थेट रीसेट केलं. शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन आली होती आणि ती दिसायच्या आत पीसी रीस्टार्ट झाला. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, उदाहरणार्थ २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला. अशा वेळी सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी या वाटेने जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा, म्हणजे स्क्रीन थांबून राहील. शेजारी डब्ल्यूएचईए-लॉगर १८ अशी नोंद, म्हणजे हार्डवेअरच्या गंभीर चुकीची नोंद, असेल तर संशय आधी प्रोसेसरवर घ्या: कर्व्ह ऑप्टिमायझर, पीबीओ, एक्सएमपी अशी प्रोसेसर-रॅमला ताणणारी सगळी सेटिंग्ज बंद करून बायोस मूळ सेटिंगवर आणा. ही ओढाताण सोडली की कित्येक रायझन पीसी शांत होतात.

पीसी कसा पडतो हेही बघा. पूर्ण बंद होऊन मागचं बटण ऑफ-ऑन केल्याशिवाय चालूच होत नसेल, तर एसएमपीएसचं संरक्षण लॅच झालं आहे, म्हणजे अडकून बसलं आहे: ओव्हरकरंट, शॉर्ट किंवा अति तापमान. क्षणात काळा होऊन लगेच स्वतःहून सुरू होत असेल, तर ‘पॉवर गुड’ सिग्नल (वीज ठीक आहे असं एसएमपीएसने बोर्डाला सांगणं) निमिषभर पडला असावा किंवा प्रोसेसरने रीसेट घेतला असावा. गेम चालू नसताना, नुसतं ब्राउझर उघडं असताना रीस्टार्ट होत असेल तर नवा एसएमपीएस घेऊन बहुधा काही साधणार नाही.

खरी कसोटी फुकटात होते. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, फ्रेम्सना ६० ची मर्यादा घाला आणि ज्या गेममध्ये पीसी पडतो तोच गेम नेहमीपेक्षा दुप्पट वेळ चालवा. रीस्टार्ट थांबले आणि मर्यादा काढल्यावर परत आले, तर वीजपुरवठ्याकडे बोट दाखवायला पुरेसा आधार मिळाला. पुढे ओसीसीटी या ताण-चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरची चाचणी एकटी, ग्राफिक्सची एकटी आणि मग दोन्ही एकत्र ताणणारी ‘पॉवर’ चाचणी लावा. एकेकटी पार पडून एकत्र पडली तर निदान पक्कं समजा. एकटा फरमार्क (ग्राफिक्स कार्डाची ताण-चाचणी) तासभर चालला म्हणून एसएमपीएसला निर्दोष ठरवू नका. फरमार्कचा भार सपाट असतो, उसळी येते ती भार झपाट्याने बदलताना: लोडिंग संपून दृश्य उघडलं, मेन्यूत फ्रेम्स मोकाट सुटल्या, अशा क्षणी.

अजून एक स्वस्त उपाय. आठ पिनच्या एका जोडणीची अधिकृत मर्यादा १५० वॅट. एकाच केबलच्या दोन तोंडांवरून ३०० वॅटच्या वरचं कार्ड चालवलं जात असेल तर आधी दोन वेगळ्या केबल लावून बघा. तेवढ्यानेही काम होऊ शकतं.

एवढं सगळं करून बोट एसएमपीएसकडेच गेलं, तर आरएम८५०ई चांगली निवड आहे. लांबी १४० मिलिमीटर, त्यामुळे लहान कॅबिनेटमध्येही केबल वळवायला जागा उरते. सर्व केबल सुट्या होतात. कपॅसिटर १०५ अंशांचे. कमी भारात पंखा फिरतच नाही. त्याचा पंखा खाली तोंड करून बसवला असेल तर कॅबिनेटची खालची जाळी महिन्याला झाडा. विदर्भात मे महिन्यात खोलीतली हवाच चाळिशीच्या पुढे असते, त्यात जाळी धुळीने बुजली की तापमानाचं संरक्षण लवकर येतं आणि लोक पुन्हा ‘रीस्टार्ट होतोय’ म्हणतात.

उणिवाही आहेत. १२० मिलिमीटरचा पंखा रायफल बेअरिंगचा आहे. थोरल्या आरएम८५०एक्सच्या २०२१ च्या आवृत्तीत १३५ मिलिमीटरचा मॅग्लेव्ह (चुंबकाने तरंगणारा) पंखा होता, भरलेल्या लोडला तो जास्त सुसह्य. वॉरंटी इथे ७ वर्षं, तिथे १०. दोघांच्या किमतीत फारसा फरक नसेल तर एक्स घ्यावा, पण त्यावरही एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं असेल तरच. २०२१ ची आवृत्ती त्या प्रमाणाच्या आधीची आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका, खोक्यावरचं लेबल वाचा, कारण तेच नाव वर्षानुवर्षं फिरतं आणि आतला माल बदलतो.

बसवताना एक चूक महागात जाते: जुन्या एसएमपीएसच्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलणं. एसएमपीएसकडच्या टोकाची पिन-रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, प्लग बसला तरी व्होल्टेज चुकीच्या पिनवर जाऊन एसएसडी-हार्डडिस्क जळू शकते. जुन्या सगळ्या केबल काढा, खोक्यातल्याच लावा. १६ पिनचा प्लग पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. आणि जुना डबा उघडून बघायचा मोह टाळा, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतका विद्युतभार उरतो.

नवा एसएमपीएस लावूनही रीस्टार्ट चालूच राहिले तर भिंतीकडे वळा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, त्यावर ५३० वॅटचा पीसी लावला तर वीज गेल्या क्षणी तो ओव्हरलोड होणारच. घरच्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ असेल तर तो निवडा, साध्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त मिलिसेकंद लागतात. आपल्याकडे ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, आणि एटीएक्स ३.१ मध्ये पूर्ण भारावर तग धरण्याची अट १२ मिलिसेकंदांपर्यंत सैल केली आहे, म्हणजे एका आवर्तनाचा खंडही झेलला जाईल याची हमी नाही. म्हणून लाइट वारंवार लुकलुकते अशा ठिकाणी पुरेशा वॅटचा, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस एसएमपीएसइतकाच महत्त्वाचा. पूर्ण ८५० वॅटलाही भिंतीतून चारेक अँपिअरच ओढले जातात, त्यामुळे ६ अँपिअरचं सॉकेट चालतं. सैल सॉकेट आणि फ्रिजसोबत वाटून घेतलेला एक्स्टेंशन बोर्ड मात्र चालत नाही. प्लग हाताला गरम लागला तर आधी सॉकेट बदलून घ्या, मग ओसीसीटीची पॉवर चाचणी पुन्हा लावा.