ऑनलाइन घरपट्टी: भरणं सोपं, हिशेब मिळणं अवघड

मध्यम शहरांतल्या महापालिकांची घरपट्टीची संकेतस्थळं भरणा करण्यापुरती चांगली झाली आहेत. मालमत्ता क्रमांक टाकला की थकबाकी दिसते, यूपीआयने रक्कम जाते. खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही, तर लगेच पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थकबाकी तपासा.

खरी उणीव बिलात आहे. वार्षिक भाड्याच्या अंदाजातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर लागतो ती, काढतात. पण तो अंदाज कोणत्या दराने आणि किती चौरस मीटरवर धरला, हे बिलावरून सहसा कळत नाही. म्हणून आकारणीचा उतारा मागून घ्या आणि क्षेत्रफळ खरेदीखताशी ताडून पाहा. वापराची नोंदही बघा. दुकान बंद होऊन घर झालं तरी बिगरनिवासी दर तसाच चालू राहू शकतो. हरकत मुदतीत, लेखी द्या आणि पोच घ्या. मात्र तोवर बिल अडवून ठेवू नका, कारण थकल्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढते.

भरलेला पैसा प्रभागात कुठे गेला, हे मात्र संकेतस्थळावर शोधूनही सापडत नाही, आणि हे अक्षम्य आहे. अंदाजपत्रकात दिसते ती नुसती तरतूद, प्रत्यक्ष खर्च नव्हे. माहिती अधिकाराच्या १० रुपयांच्या अर्जात एकाच कामाचं नाव लिहून कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) आणि अंतिम देयकाच्या (शेवटच्या बिलाच्या) प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहिलं की टोलवाटोलवीला वाव मिळतो.