बाप्तिस्म्याचा वर्ग केला, साडेतीन स्टार देतोय

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब आहे, आणि मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव लिहिणार नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि पाळकसाहेब माणूस म्हणून एकदम सोन्यासारखा आहे. सेंट्रल लाईनवर कुठेतरी, स्टेशनपासून चालत सात मिनिटं, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसात, बारा आठवडे. फी नाही, पुस्तिकेचे साठ रुपये, मधे चहा-बिस्किट. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पंखा एकच चालतो, पुस्तिका झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे पान १४ वाचताच येत नाही. वर्ग नवीन विश्वासणाऱ्यांसाठी, विषय एकच, बायबलमधल्या इफिसकरांस पत्र अध्याय ४ मधला जुना मनुष्य. म्हणजे जुना काढून ठेवायचा आणि नवा धारण करायचा, कपडे बदलल्यासारखं.

माझा विक्रोळीला मोबाईल रिपेअरिंगचा गाळा आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं एवढा. मी खरं तर गेलो होतो तंबाखू सोडायला. पंधरा वर्षं मळतोय, आणि बायको म्हणाली येशूचं नाव घेताय ना, मग आधी ती चुन्याची डबी घराबाहेर ठेवा. त्यामुळे माझ्या डोक्यात जुनी सवय म्हणजे तंबाखू, विषय संपला.

चौथ्या आठवड्याला जक्कय आला, लूक १९. शिकवणाऱ्या बाई रिटायर्ड शिक्षिका आहेत, आवाज बारीक पण समोरच्याला हलू देत नाहीत. गोष्ट सगळ्यांना माहिती, बुटका जकातदार उंबराच्या झाडावर चढतो वगैरे. बाईंनी विचारलं, येशूने त्याला एक तरी पाप मोजून दाखवलं का रे? आम्ही पान वरखाली केलं. नाही दाखवलं. मी आज तुझ्या घरी उतरणार, एवढंच म्हणाला. हिशोब जक्कयने स्वतःहून काढला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. मग बाई म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी प्रत्येकाने आपापल्या धंद्यातला चौपट लिहून आणायचा. सगळे हसले, मी पण हसलो, आणि विक्रोळीला उतरेपर्यंत हसू गेलेलं होतं.

कारण माझ्या बिलबुकात ठिपके आहेत. डिस्प्ले बदलायला आलेल्या माणसाला मी ओरिजिनल सांगायचो, कॉपी कॉम्बो, म्हणजे डुप्लिकेट डिस्प्ले-टच, लावायचो, आणि बिल नंबरच्या शेजारी पेनाने एक बारीक ठिपका द्यायचो, म्हणजे सहा महिन्यांनी टच बंद पडला म्हणून तो परत आला की मला लगेच कळावं आणि मी म्हणावं दादा पाण्यात पडलाय फोन. त्या रात्री शटर अर्धं खाली घेऊन मोजले, शंभर पावत्यांच्या एका बुकात एकतीस ठिपके, आणि अशी बुकं खणात चार.

पुढच्या गुरुवारी बाईंना खरं सांगितलं की चौपट दिलं तर गाळाच विकायला लागेल. त्या म्हणाल्या लेवीय ६ वाच, तिथे मूळ रक्कम पूर्ण आणि वर पाचवा हिस्सा असं आहे, तू तिथून सुरुवात कर. या एका वाक्यासाठी मी या वर्गाला एक अख्खा स्टार देतोय, कारण नुसतं पश्चात्ताप करा असं कोणीही सांगतं, हिशोब कसा मांडायचा ते कोणी सांगत नाही.

पहिला फोन लावला कन्नमवार नगरातल्या एका काकूंना. बाराशे जास्त घेतले होते, वर पाचवा हिस्सा दोनशे चाळीस, एकूण चौदाशे चाळीस. म्हटलं काकू मी मोबाईलवाला बोलतोय, तुमचे पैसे परत द्यायचेत. काकू म्हणाल्या, "ओटीपी मागशील तर पोलिसात देईन हां," आणि फोन कट. शेवटी घरी गेलो. काकूंनी नोटा दोनदा मोजल्या, पाणी दिलं, आणि विचारलं, मग माझ्या पोराच्या फोनला काय लावलं होतंस? बुकात त्याच्या नावापुढे पण ठिपका होता. सांगितलं, त्याचे पण दिले. त्यानंतर त्या घरातलं कोणी माझ्या दुकानात आलेलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. आत्तापर्यंत नऊ जणांचे देऊन झालेत.

सहावा आठवडा सगळ्यात गरम. काय सोडायचं आणि काय नाही. एक ताई होत्या, नवरा अजून विश्वासात नाही, त्यांनी मंगळसूत्राचं विचारलं. बाईंनी हुकूम काही दिला नाही, प्रेषितांची कृत्ये १५ काढलं, तिथे यरुशलेमेत हाच वाद झाला होता की परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, आधी यहूदी व्हायचं का, आणि उत्तर नाही असं आलं, चार गोष्टी टाळा म्हणाले, बाकी ओझं नको. मग कवी ना. वा. टिळकांचं निघालं. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी काही टाकली नाही, उलट त्यातच ख्रिस्ताची भजनं लिहिली, जी आपण अजून पेटीवर म्हणतो. आणि त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, सोवळं-ओवळं गेलं, जातीचा विटाळ गेला, भाषा मात्र तीच खणखणीत मराठी राहिली. मला हे फार पटलं. पण तेवढ्यात मंडळीतले एक ज्येष्ठ उठले आणि टिकली, रांगोळी, नाव सगळंच बदललं पाहिजे म्हणून वीस मिनिटं बोलले, कोणी थांबवलं नाही, आणि ताईंचा प्रश्न तसाच राहिला. अर्धा स्टार इथे कापला.

(माझ्या घरचं सांगायचं तर आईचा दीड दिवसाचा गणपती असतो. मी आरतीला उभा राहत नाही पण मोदकाची पिठी आणि नारळ मीच आणतो. पहिल्या वर्षी आई म्हणाली हात जोडू नकोस पण टाळ तरी वाजव मेल्या. अजून तह झालेला नाही.)

आता मोठी तक्रार, एक पूर्ण स्टार. सातव्या आठवड्याला साक्षींची संध्याकाळ. एकेक जण उठून सांगतो, प्रार्थना केली आणि दारू त्याच रात्री सुटली. सुटली असेल, मी खोटं म्हणत नाही. पण आमच्यात एक पोरगा होता, तेवीस-चोवीसचा, दारू सोडून महिना झाला आणि परत प्यायला. त्याला कोणीतरी मागून म्हणालं, विश्वास कमी पडला तुझा. तो पुढच्या गुरुवारी आला नाही, नंतर पण नाही. आणि रोमकरांस पत्र ७, जिथे पौल स्वतः म्हणतो की मला जे नकोय तेच माझ्या हातून होतं, ते शिकवलं कधी तर दहाव्या आठवड्याला. अहो ते दुसऱ्याच आठवड्यात घ्या ना. आणि व्यसन म्हणजे शरीराचा पण मामला असतो, तर कोणीतरी डॉक्टरचं नाव घ्या. वांद्र्याला कृपा फाउंडेशन १९८१ पासून व्यसन सोडवायचंच काम करतंय, आणि सुरू केलं ते एका फादरनीच, त्यामुळे श्रद्धा कमी वगैरे म्हणायला जागा नाही. तंबाखूसाठी सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. मी लावला. पलीकडच्या माणसाने सोडायची तारीख ठरवायला लावली आणि सांगितलं पहिले काही दिवस डोकं फिरेल, चिडचिड होईल, तो निकोटिन सुटतानाचा त्रास आहे. प्रार्थना पण केली, फोन पण केला, तिसऱ्या प्रयत्नात सुटली. सोल्डरिंग करताना अंगठा अजून तळहातावर फिरतो, रिकामाच.

कोणी जायचं? जायचं असेल तर बाईंचे आठवडे चुकवू नका, साक्षींच्या संध्याकाळी मागे बसा, आणि पान १४ कोणाकडून तरी फोटो काढून घ्या.

बिलबुकात आता ठिपका देत नाही. कॉपी लावली तर कॉपी असंच लिहितो, अक्षरात. फक्त ते अक्षर जरा बारीक पडतं, काल एका गिऱ्हाईकाने चष्मा कपाळावर चढवून पावती डोळ्याला लावली आणि विचारलं, हे काय लिहिलंय ओ?